व्हेपच्या कॉइलवरचा काळा कीट: धुतल्याने काय जाते, काय राहते

गेल्या महिन्यात वस्तीतल्या महिलांच्या बैठकीत एका ताईंनी पिशवीतून स्टीलची वाटी काढून आमच्यासमोर ठेवली. वाटीच्या तळाला तपकिरी-काळा थर वाळून बसला होता. वास सॅनिटायझरचा, आणि त्यात मिसळलेला आंब्याच्या गोळीसारखा गोड वास. ताई म्हणाल्या, "धाकटा रात्री यात काहीतरी बुडवून ठेवतो. विचारलं तर म्हणतो, पेनाचा पार्ट आहे. रागावले तर म्हणतो, आई, साफ करून ओढलं की काही होत नाही. आणि याच वाटीत मी नातीला वरणभात कालवून देते."

"पेनाचा पार्ट" म्हणजे ई-सिगारेटची कॉइल. मुले त्या यंत्राला व्हेप म्हणतात, पॉड म्हणतात, नुसते पेनही म्हणतात. हा प्रश्न एकट्या ताईंच्या घरचा नाही, हे त्याच बैठकीत कळले. आणखी दोघीजणींनी मान डोलावली. एकीने तर अशी वस्तू मुलीच्या कंपासपेटीत पाहिली होती आणि तिला ती खोडरबर वाटली होती.

तो मुलगा आईला फसवत होता असे आम्हाला वाटत नाही. कॉइल काळी पडली की घशाला जळका चटका लागतो, धुतली की चटका कमी होतो. मग घाण गेली असे त्याला वाटणारच. म्हणून आरडाओरडा करण्याआधी तो काळा थर कशाचा, हे आईबापांनी आणि मुलांनीही समजून घ्यावे.

आत काय असते

यंत्र दिसायला रंगीत मार्करसारखे किंवा काडेपेटीसारखे. आत मोबाइलमध्ये असते त्या जातीची लिथियम बॅटरी, थोडे लिक्विड आणि कॉइल. इलेक्ट्रिक शेगडीची स्प्रिंग डोळ्यांसमोर आणा आणि ती नखाएवढी बारीक करा, झाली कॉइल. तार बहुतेक वेळा निकेल-क्रोमियमची, नाहीतर लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाची असते. तारेला लागून कापसाची वात असते, घासलेटच्या स्टोव्हला असायची तशी. वात लिक्विड शोषते, तार तापते, लिक्विडची वाफ होते आणि ती थंड होऊन बारीक थेंबांचा ढग तयार होतो.

विकणारे सांगतात, "नुसती पाण्याची वाफ आहे." हे खरे नाही. त्या लिक्विडमध्ये पाणी असलेच तर थोडे. मुख्य भाग असतो प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचा. त्यात निकोटिन, वासाची-चवीची रसायने आणि गोडीसाठी बऱ्याचदा सुक्रालोज. सुक्रालोज म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो पदार्थ, मधुमेहाचे काही रुग्ण चहात ज्या बारीक गोळ्या टाकतात त्यातल्या काहींमध्ये तोच असतो.

प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सियसला उकळते, ग्लिसरीन २९० अंशांना. सुक्रालोज मात्र वाफ होऊन उडतच नाही. ते सव्वाशे अंशांच्या आसपास तुटू लागते आणि करपते. चिक्कीसाठी गुळाचा पाक करताना लक्ष गेले की कढईला काय होते, हे ज्या बाईने एकदा अनुभवले आहे तिला पुढचे सांगायची गरज नाही. पाणी उडून जाते, गोड भाग तळाला धरतो, आधी तांबूस, मग तपकिरी, मग काळा. कॉइलवर हेच होते, फक्त प्रत्येक झुरक्याला थोडे थोडे. आंबा, बबलगम, स्ट्रॉबेरी अशा गोड चवींची कॉइल लवकर काळी पडते ती यामुळे. ग्लिसरीन जास्त असलेले घट्ट लिक्विडही वातीत हळू चढते आणि कीट वाढवते.

कीट हा शब्द आमचा नाही. चिलीम ओढणारे जुने लोक चिलमीच्या आतून खरवडून काढायचे, त्याला कीटच म्हणायचे. वस्तू नवी असली तरी प्रकार ओळखीचा आहे.

एकदा कीट धरला की त्याच्याखालची वात नीट भिजत नाही. तार मात्र तेवढीच तापते. ओल्या वातीची उष्णता वाफ करण्यात खर्च होते. कोरड्या वातीला ती सोय नाही, म्हणून तिथले तापमान एकदम चढते. कापूस करपतो. लिक्विडची नुसती वाफ न होता त्याचे तुकडे होतात आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड, ॲक्रोलिन असे वायू निघतात. नावे अवघड आहेत, पण ओळख आहे. भजी तळताना तेल जळले की डोळ्यांत चुरचुरते आणि ठसका लागतो, त्या धुरात ॲक्रोलिन असते. फॉर्माल्डिहाइड पाण्यात विरघळवले की ते फॉर्मेलिन होते, प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक ज्यात ठेवतात ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. सुक्रालोजच्या रेणूत क्लोरीन असते, त्यामुळे ते तापून तुटले की क्लोरीनची घातक संयुगेही तयार होतात.

मुले कशी धुतात

सगळ्यात साधा प्रकार गरम पाण्याचा. पाण्यात टाकल्यावर पाणी तपकिरी होते आणि मुलगा खूश होतो. पण पाण्यात उतरते ते काय? ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, निकोटिन, हे तिन्ही पाण्यात विरघळणारे. म्हणजे वातीत शिल्लक राहिलेले लिक्विडच बाहेर येते. करपून कोळसा झालेला थर पाण्यात विरघळत नाही. दूध लागलेले पातेले नुसते भिजत घालून निघते का? तारेची घासणी लागते. इथे घासणी शिरेल एवढी जागाच नाही, आणि घासायला जावे तर आत कापूस. वरून भिजलेला कापूस पूर्ण वाळायला एक दिवस लागतो. तेवढा धीर कोणी धरत नाही.

दुसरा प्रकार स्पिरिट किंवा सॅनिटायझर. वासाची तेलकट रसायने त्यात पाण्यापेक्षा बरी सुटतात, हे खरे. पण हाताला लावायच्या जेलमध्ये अल्कोहोलबरोबर ते घट्ट करणारा पदार्थ असतो, सुगंध असतो. ते सगळे कापसात मुरते आणि पुढच्या झुरक्याला तापून छातीत जाते. भेसळीच्या सॅनिटायझरमध्ये मिथेनॉल सापडल्याची प्रकरणे कोविडच्या काळात झाली. मिथेनॉल म्हणजे काय हे मुंबईकरांना सांगायला नको. २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ते विष हेच.

शिवाय आग. अल्कोहोलची वाफ आपल्या नेहमीच्या हवेतही पेट घेते, त्यासाठी ते तापवावे लागत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत ती वाटी झाकण न घालता ठेवली आहे, चार हातांवर गॅस आहे, आणि पहाटे आई डबा करायला उठून लायटर पेटवते. ताईंच्या घरात रोज हेच चालले होते. वाटीपेक्षा आम्हाला याचीच जास्त धास्ती वाटली.

तिसरा प्रकार तार लालबुंद करून कीट जाळून टाकण्याचा. ज्या यंत्रात तार आणि कापूस वेगळे काढता येतात, त्यात लोक कापूस काढून नुसती तार जाळतात, ब्रशने झटकतात आणि नवा कापूस भरतात. कीट त्याने निघतो. पण बाजारात मुलांच्या हाती येते ते यंत्र तसले नसतेच. त्यात कापूस तारेबरोबर बंद केलेला असतो. तो जाळला तर जळका कापूसच ओढला जातो.

वस्तीत सर्वांत जास्त दिसतात ती वापरून फेकायची यंत्रे. त्यांची कॉइल काढता येण्यासाठी बनवलेलीच नाही. तरी मुले चाकूने टोपण उचकटतात, सिरिंजने लिक्विड भरतात, मोबाइलच्या जुन्या चार्जरच्या वायरी सोलून बॅटरीला लावतात. आपली मुले हुशार आहेत, फेकायची वस्तू दुरुस्त करून वापरणे त्यांच्या रक्तात आहे, याचे एरवी कौतुकच वाटले असते. इथे मात्र चाकूचे टोक बॅटरीत घुसले किंवा दोन टोके एकमेकांना लागली तर ती फुगते, धूर सोडते, पेटते. लिथियम बॅटरीची आग काही सेकंदांत भडकते आणि विझली असे वाटल्यावर पुन्हा पेटू शकते.

"मग नवीन कॉइल घातली तर?"

पुढच्या रविवारी ताई मुलाला घेऊन आल्या. तो दारातच उभा राहिला. आम्ही वरचे सगळे सांगितल्यावर त्याने विचारले, "मग नवीन कॉइल घातली तर चालेल ना?"

प्रश्न चांगला होता. जुन्या, कीट धरलेल्या कॉइलपेक्षा नव्या कॉइलवर करपणे कमी, हे आम्ही त्याच्यापासून लपवले नाही. पण नव्या तारेचे स्वतःचे दुखणे आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ५६ वापरणाऱ्यांची यंत्रे तपासली, त्याचा अहवाल २०१८ मध्ये आला. बाटलीतल्या लिक्विडमध्ये धातू अगदी कमी होते. तेच लिक्विड कॉइलवरून जाऊन ढग झाल्यावर त्यात शिसे, निकेल, क्रोमियम आणि मँगनीज वाढलेले दिसले. म्हणजे हे धातू तारेतून आणि तिच्या जोडांतून येत होते. आणि जे लोक कॉइल वरचेवर बदलत होते, त्यांच्या ढगात धातूंचे प्रमाण जास्त असण्याकडे कल दिसला. शिसे मेंदूला काय करते हे वेगळे सांगायला नको. निकेल आणि क्रोमियमचे काही प्रकार श्वासातून गेले तर कर्करोग करतात.

चवींचेही असेच. "खाण्याच्या पदार्थात चालते तेच घातले आहे," असे विकणारा म्हणतो. पोट आणि फुप्फुस एक नाही. २००० साली अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या मक्याच्या लाह्या बनवणाऱ्या एका कारखान्यातले कामगार दम लागून आजारी पडले. लाह्यांना लोण्याचा वास आणणाऱ्या डायअसिटिल या रसायनाची वाफ श्वासातून जाऊन त्यांच्या बारीक श्वासनळ्या कायमच्या आखडल्या होत्या. लाह्या खाणाऱ्यांना ते झाले नव्हते, वास घेणाऱ्यांना झाले. काही ई-सिगारेटच्या लिक्विडमध्येही हे रसायन सापडले आहे.

मुलगा म्हणाला, "म्हणजे जुनी पण नको, नवी पण नको." आम्ही हो म्हटले. तारेवर उरतो तो न उडालेला भाग. जो उडाला तो त्याने ओढला होता, आणि तो धुऊन काढायला तिथे काही उपाय नाही.

वाटीचे काय करायचे

कॉइल धुतलेल्या पाण्यात निकोटिन असते. किती, ते लिक्विडवर अवलंबून. पाकिटावर ५ टक्के लिहिले असेल तर एका मिलिलिटरमध्ये साधारण ५० मिलिग्रॅम निकोटिन. एक सिगारेट ओढल्यावर शरीरात जाते ते १ ते २ मिलिग्रॅम, यावरून अंदाज करा. मोठ्या माणसाला जे थोडे मळमळण्यावर भागते, ते दहा किलोच्या बाळाला झेपत नाही. २०१४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात एक वर्षाचे मूल असे लिक्विड पोटात जाऊन दगावले. त्यानंतर त्या देशात बाटलीला लहान मुलांना न उघडणारे झाकण लावणे कायद्याने सक्तीचे झाले. आपल्याकडे जे चोरून येते त्याला कसले झाकण आणि कसली चिठ्ठी.

निकोटिन कातडीतूनही शिरते. तंबाखूची ओली पाने तोडणाऱ्या मजुरांना मळमळ आणि चक्कर येते, ती यानेच. म्हणून सांडलेले लिक्विड उघड्या हाताने पुसू नये. हातात प्लास्टिकची पिशवी घालून कागदाने टिपावे आणि मग जागा साबणाच्या पाण्याने पुसावी. गरोदर बाईने हे काम करूच नये.

लहान मुलाच्या तोंडात ते गेले असे वाटले, तर तोंड ओल्या फडक्याने पुसावे, अंगावर सांडले असेल तर कपडे काढून अंग भरपूर पाण्याने धुवावे आणि थेट सरकारी दवाखाना गाठावा किंवा १०८ ला फोन करावा. उलटी काढण्यासाठी घशात बोट घालू नये, मिठाचे पाणी पाजू नये. लाळ गळणे, उलट्या, घाम, चेहरा पांढरा पडणे ही सुरुवात. पुढे झटके येऊ शकतात आणि श्वास मंदावतो. लक्षणे दिसेपर्यंत थांबू नका. बाटली किंवा यंत्र बरोबर न्या आणि डॉक्टरांना खरे सांगा. कायद्याच्या भीतीने "काय खाल्लं माहीत नाही" म्हणालात, तर त्यांचा वेळ शोधण्यात जाईल.

स्टीलची वाटी साबणाने दोन-तीनदा चांगली घासली तर निकोटिन निघून जाते. प्लास्टिकचा कप असेल तर टाकून द्यावा. तरीही ताईंना आम्ही ती वाटी स्वयंपाकघरात परत न्यायला नको म्हटले, कारण उद्या मुलगा पुन्हा तीच उचलेल आणि कोणती वाटी कुठली हे आजीला अंधारात कळणार नाही.

यंत्र टाकायचे असेल तर ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. हे आम्ही जरा जोर देऊन सांगतो. कचऱ्याच्या गाडीवर, वर्गीकरणाच्या शेडमध्ये आणि डम्पिंगवर काम करणारे हात कोणाचे आहेत, हे आपल्याला माहीत आहे. बरेचदा ते आपल्याच गल्लीतले आहेत. गाडीत दाबली गेलेली लिथियम बॅटरी पेटते; तांब्यासाठी दगडाने फोडलेले यंत्र चेहऱ्यावर फुटते आणि उरलेले लिक्विड हाताला लागते. यंत्र चालू होणार नाही असे बघा, तोंडाच्या आणि चार्जिंगच्या भोकावर चिकटपट्टी लावा, पत्र्याच्या डब्यात वाळू घालून त्यात ठेवा, मुलांपासून आणि चुलीपासून दूर. मग ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रावर द्या. भंगारवाल्याला देऊ नका.

कायद्याचे थोडक्यात. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणे, आयात करणे, विकणे, वाटणे, साठवणे आणि तिची जाहिरात करणे हे सगळे गुन्हे आहेत. विकताना पहिल्यांदा सापडल्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. साठवल्याबद्दल ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्वतः ओढणे या कायद्यात गुन्हा म्हणून लिहिलेले नाही. पण मुले इथेच फसतात. "मित्रासाठी दोन आणून दिल्या" यात वाटप आले, आणि पार्सल पोहोचवणाऱ्या पोराला पाचशे रुपये मिळाले तर त्यात विक्री आली. माल मागवणारा मोठा माणूस मागे राहतो, पकडला जातो तो आपल्या वस्तीतला डिलिव्हरी करणारा.

सोडायचे कसे

ताईंच्या मुलाने आमच्यासमोर ते यंत्र काढून टेबलावर ठेवले, पण दुसऱ्या दिवशी त्याला हात थरथरल्यासारखे वाटेल, चिडचिड होईल, झोप लागणार नाही, हेही आम्ही त्याच्या आईला सांगून ठेवले. निकोटिन बंद झाल्यावर पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण. दोन ते चार आठवड्यांत त्रास बराच ओसरतो. तलफ आली की ती काही मिनिटांत उतरते, तेवढा वेळ पाणी पिणे, बाहेर चक्कर मारणे, तोंडात बडीशेप किंवा लवंग धरणे याने भागते. अठरा वर्षांवरच्यांना निकोटिनचे च्युइंग गम मदत करते, २ मिलिग्रॅमचे गम औषधाच्या दुकानात मिळते. ते कसे चघळायचे हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे, कारण साध्या गमसारखे भराभर चघळले तर उचकी आणि मळमळ होते. शाळकरी मुलांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच देऊ नका.

एक गोष्ट त्या बैठकीत कोणाला आवडली नाही, तरी लिहितो. नातवाच्या व्हेपवर ओरडणाऱ्या दोन आज्यांच्या कमरेला मशेरीची डबी होती, आणि एका बापाच्या खिशात तंबाखूची पुडी. मुलगा हे बघतो. एका घरातल्या दोघांनी एकाच दिवशी सोडले तर ते जास्त टिकते, असा आमचा अनुभव आहे. ताईंच्या घरी आजीने मशेरी सोडायचे कबूल केलेले नाही, पण ती नातवासमोर लावायची थांबली आहे.

तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची मोफत फोन सेवा आहे, १८००-११२-३५६. जिल्हा रुग्णालयातही तंबाखूमुक्ती केंद्र असते. फोन मुलाने स्वतः केला तर उत्तम. ताईंच्या मुलाने पहिला फोन आमच्या समोर केला, दुसरा घरून केला, आणि मग सांगायला आला की व्हेप ओढतो म्हटल्यावर पलीकडच्या बाई रागावल्या नाहीत, फक्त दिवसातून कितीदा आणि सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिला झुरका, एवढे विचारले.